नदी सोड, रस्ता धर: घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर नऊ महिने

मार्चमध्ये घरच्या संगणकावर विमान उडवण्यासाठी जॉयस्टिक (विमान वळवायचा दांडा) आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायची दांडी) घेतलं, आता डिसेंबर संपत आलाय. सिम्युलेटरमधल्या नोंदीप्रमाणे माझे १४० तास झालेत. त्यातले पहिले तीस तास वाया गेले असं मला मनापासून वाटतं, आणि नव्याने घेणाऱ्या कुणाचे तसे जाऊ नयेत म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवातीला सगळे करतात तेच मीही केलं. मोठं प्रवासी विमान घेतलं, मुंबई-दिल्ली, मुंबई-बंगलोर. उड्डाण झालं की ऑटोपायलट लावायचा आणि ३५,००० फुटांवरून दीड-दोन तास पांढरे ढग बघायचे. बटणं शिकण्यात ज्यांना रस आहे त्यांना यातही भरपूर आनंद मिळतो, त्याबद्दल वाद नाही. पण मला वैमानिक व्हायचं नव्हतं. मला जमीन बघायची होती, तीही माझी, ओळखीची. एप्रिलच्या शेवटी सेसना १७२ या छोट्या विमानात बसलो तेव्हा कुठे खरी सुरुवात झाली.

भटकंतीसाठी हे विमान का, तर त्याचा पंख खिडकीच्या वर आहे, खाली बघताना मध्ये काही येत नाही. चार आसनं, एक इंजिन. १९५५ साली पहिल्यांदा उडालं आणि आजवर ४४,००० हून जास्त बनली. ११० नॉटच्या, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास आरामात जातं, पण मी ९० वर ठेवतो. एक टप्पा फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, खाली घेतले की नाक थोडं झुकतं आणि समोरची जमीन नीट दिसते. जमिनीपासून दीड-दोन हजार फूट उंची मला सगळ्यात मानवली. त्याच्या वर गेलं की गावं नकाशासारखी होतात, आणि पाचशे फुटांच्या खाली आलं की जमिनीवर पसरलेल्या फोटोतलं झाड आणि संगणकाने उभं केलेलं झाड यांतला फरक डोळ्यांना खुपायला लागतो.

१९८२ साली मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर आला तेव्हा विमान शिकागोच्या मेग्ज फील्ड धावपट्टीवर उभं असायचं आणि शहर म्हणजे थोड्या रेघा. आजचे सिम्युलेटर उपग्रहातून आणि विमानातून काढलेल्या फोटोंवर अख्खी पृथ्वी उभी करतात. आपण उडतोय तेवढा तुकडा इंटरनेटवरून येत राहतो. माझ्याकडे तासाला दीड ते दोन जीबी जातो. एकदा उडून गेलेला भाग डिस्कवर साठवून ठेवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा आणि जागा सढळ हाताने द्या. संध्याकाळी आमच्याकडे नेट मंदावतं, तेव्हा कालच्याच वाटेवरून उडायचं.

मात्र या सगळ्यात सर्वांत जास्त फरक कशाने पडला असेल तर गोष्टी बंद करण्याने. पडद्यावर गावांची नावं तरंगत असतात, ती बंद. जायच्या दिशेची रेघ बंद. जीपीएसचा पडदा बंद. टेबलावर महाराष्ट्राचा कागदी नकाशा पसरायचा आणि नदी, रेल्वे, रस्ता, धरण बघत जायचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात साधा रेडिओही नव्हता. खाली बघूनच यायचं होतं. मी जुहूच्या त्याच मैदानावरून उडून किनाऱ्याने गोव्याकडे निघालो तेव्हा हे फार जवळून जाणवलं. करंजा, रेवदंड्याला कुंडलिका, राजपुरी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. एकेक खाडी मोजत जायचं. एक चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं. पहिल्या खेपेला मी बाणकोटलाच दाभोळ समजलो आणि हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसला तेव्हा चूक कळली. किनाऱ्याची भूगोलाच्या पुस्तकातली यादी मला कधी पाठ झाली नाही. या एका चुकीने ती कायमची पाठ झाली.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. कराड डेपो. नोकरीतली बरीच वर्षं कराड-चिपळूण, कुंभार्ली घाट. ते सुरुवातीला माझ्या मागे खाटेवर बसून पेपर वाचायचे, पडद्याकडे बघायचेही नाहीत. मे महिन्यात एका रविवारी मी कोल्हापूरहून निघालो. कोल्हापूरची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून जवळपास २,००० फुटांवर आहे, त्यामुळे विमान जमिनीवर उभं असतानाच उंचीचा काटा २,००० दाखवतो. वर ४,५०० फुटांवर गेलो, डाव्या खिडकीत महामार्ग ठेवला आणि उत्तरेला निघालो. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि काटकोनात वळून एकत्र पूर्वेला जातात. वरून तो प्रीतिसंगम दिसला तसा आबांनी पेपर खाली ठेवला.

"हितनं डावीकडं घे. कोयना धर."

कोयनेच्या उलट्या दिशेने पश्चिमेला निघालो. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत गेले. पाटण त्यांनी माझ्या आधी ओळखलं. मी नदीवर नजर ठेवून होतो, कारण नदी सोडायची नाही हा माझा नियम. हेळवाक आलं आणि आबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले.

"आता नदी सोड. रस्ता धर. नदी उजवीकडं धरणाला जाती, आपल्याला सरळ जायचंय."

कोयना महाबळेश्वरहून दक्षिणेला वाहत येते आणि हेळवाकला एकदम पूर्वेला वळते. तिच्या मागे गेलो असतो तर शिवसागर जलाशयात जाऊन अडकलो असतो. मी रस्ता धरला. समोर सपाट माथा, त्यावर पिवळं गवत, आणि मग जमीन संपली. उंचीचा काटा ४,५०० वरून हलला नाही, पण पायाखालचं सगळं एकदम खोल गेलं. तो काटा समुद्रापासूनची उंची सांगतो, जमिनीपासूनची नाही, हे मी वाचलं होतं. समजलं तिथे. देशावर खाली दोन-अडीच हजार फुटांवर असलेली जमीन कोकणात उतरताच साडेचार हजारांच्या आसपास खाली होती.

आबा बोटाने वळणं मोजत होते. कुठे गाडी तापायची, कुठे समोरून ट्रक आला की कुणी मागे घ्यायचं, कुठे पावसात दरड यायची. काही वळणं पडद्यावर दिसत होती, काही झाडीत गेली होती, पण त्यांना त्याची गरज नव्हती. खाली पोफळी आली. कोयनेचं पाणी बोगद्यांतून इकडे आणून पोफळीला वीज करतात आणि पुढे ते वाशिष्ठीत जातं. म्हणजे हेळवाकला जी नदी सोडली तिचंच पाणी घाटाखाली पुन्हा भेटलं. मी चाळीस वर्षं सातारा जिल्ह्यात राहतोय. ही गोष्ट ऐकून माहीत होती, पण एका खिडकीत दोन्ही टोकं कधी पाहिली नव्हती. चिपळूणवर एक चक्कर मारली. कराडपासून अर्धा तास लागला होता. आबांनी डेपोची जागा दाखवली आणि चहा ठेवायला उठले. तेव्हापासून रविवार ठरलेला आहे.

आता उणिवा, त्या नीट सांगायला हव्यात. फोटो वरून काढलेले असतात, त्यामुळे उभ्या कड्याची बाजू त्यांत जवळजवळ नसतेच. जमीन उभी करताना प्रत्येक ठिकाणाला एकच उंची दिलेली असते. मग हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, जो आत वळलेला आहे, तो मांडायचा कसा? तिथे एक घसरगुंडीसारखा उतार दिसतो आणि त्यावर ताणलेला रंग. ज्यांनी कड्याच्या टोकाशी पालथं पडून खाली पाहिलंय त्यांचा हिरमोड होईल. किल्ल्यांचंही तसंच. जंजिरा दीड हजार फुटांवरून छान ओळखू येतो, खाली गेलं की तट नसून तटाचं चित्र आहे हे कळतं. देवळं साध्या घरांसारखी उभी राहतात.

दुसरी उणीव पावसाळ्यात कळली. सिम्युलेटर हवामान त्या-त्या वेळचं खरं घेतो. जुलैत पश्चिमेचा वारा, घाटमाथ्यावर टेकलेले ढग, खाली पाऊस, सगळं हुबेहूब. पण जमिनीचे फोटो निरभ्र दिवसांतले, म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्यातले. पावसाळ्यात ढगांमुळे फोटो मिळणार कुठून? त्यामुळे आषाढातल्या ढगाखाली चैत्रातला पिवळा सह्याद्री दिसतो. धबधबे नाहीत, भाताची खाचरं नाहीत. हिरव्या घाटासाठी कुणी हे घेणार असेल तर त्याने घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

तरीही जुलैतलं एक उड्डाण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. हेळवाकच्या पुढे ढग थेट रस्त्यावर उतरले होते. मी थोडं खाली जाऊन निघू पाहत होतो. आबा म्हणाले, "घाटात ढग उतरलाय. थांबायचं." विमान थांबत नाही, म्हणून वळून परत कोल्हापूरला गेलो. जे दिसत नाही त्यात शिरायचं नाही. बसला आणि छोट्या विमानाला हा नियम एकच आहे, आणि तो मला आबांनी सांगितला, कुठल्याही पुस्तकाने नाही.

जॉयस्टिकबद्दल. मी घेतलेली स्वस्तातली होती, दांडा पिळून शेपटीचं सुकाणू फिरवायची. चार महिन्यांनी किनाऱ्याने दक्षिणेला जाताना नाक सारखं डावीकडे जायला लागलं. समुद्र उजवीकडे, त्यामुळे मला वाटलं समुद्रावरचा वारा लोटतोय. रत्नागिरीपर्यंत मी उजवीकडे दाबत गेलो, मनगट भरून आलं. घरी येऊन, म्हणजे खुर्चीतल्या खुर्चीत, वारा शून्य केला तरी तेच. आत पोटेन्शिओमीटर (दांडा किती फिरला ते घासून मोजणारा भाग) असतो, त्यात धूळ गेली की तो मधोमध असतानाही चुकीचा आकडा देतो. विकणाऱ्याने हात वर केले. शेवटी आमच्याकडच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने उघडून फवारा मारून साफ करून दिला, ऐंशी रुपयांत. दोन महिने चांगली चालली, मग पुन्हा तेच. आता चुंबकावर चालणाऱ्या सेन्सरची घेतलीय. त्यात घासणारं काही नसतं. सुरुवातीलाच थोडे जास्त पैसे इथे घालावेत, ग्राफिक्स कार्डापेक्षाही आधी. चित्र थोडं कमी झालं तर चालतं, हात चुकीचा झाला तर सगळी मजा जाते.

किरकोळ दोन गोष्टी. आबांना पहिल्या दिवशी गरगरलं होतं. कॅमेऱ्याचं हलणं पूर्ण बंद केलं आणि पडद्यापासून त्यांना पाच फुटांवर बसवलं, मग त्रास झाला नाही. आणि यूपीएस हवाच. चिपळूणवर असताना वीज गेली तर दुसऱ्यांदा कोल्हापूरहून निघायला मन होत नाही.

लांबच्या जागाही केल्या. नेपाळचं लुक्ला, ५२७ मीटरची चढती धावपट्टी, पलीकडे डोंगर. चार वेळा प्रयत्न करून उतरलो, पुन्हा गेलो नाही. लोणारला मात्र तीनदा गेलो. औरंगाबादहून निघायचं आणि त्या विवराभोवती एकसारखं वर्तुळ काढायचं. विवर जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आहे, ९० नॉटने दोन-सव्वादोन मिनिटांत एक फेरी होते. वारा असेल तर एका बाजूला विमान काठाबाहेर जातं, दुसऱ्या बाजूला आत ओढलं जातं. वाऱ्याकडून येताना वळण जास्त तीव्र आणि वाऱ्याकडे जाताना सैल ठेवायचं, हे शिकायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. कड्याच्या आत रान, मग तळं, आणि बाहेर लगेच शेतं. तिथे बसून बघताना जे एका नजरेत येत नाही ते गोल इथे पूर्ण दिसतं.

पुढच्या रविवारी आबांना वरंधा बघायचाय. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून निघून भोर, मग भाटघरच्या पाण्याऐवजी नीरा-देवघरच्या काठाने पश्चिमेला. तो घाट त्यांनी ड्युटीत दोन-तीनदाच केला होता, तोही रात्री. कागदी नकाशावर त्यांनी पेन्सिलने भोरपासून महाडपर्यंत रेघ ओढून ठेवलीय.