भूगोलाच्या टाचणाला एआय : आराखडा घ्या, आकडे आणि नकाशे घेऊ नका

शाळा सुरू झाली की वार्षिक नियोजन, घटक नियोजन, रोजचं पाठ टाचण आणि मागोमाग घटक चाचणी, हे सगळं एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडतं. त्यात भूगोल शिकवणारा भूगोलाचाच पदवीधर असेल असं नाही. पुष्कळ शाळांत इतिहासाच्या किंवा भाषेच्या शिक्षकाकडे तो विषय सोपवलेला असतो. चॅटजीपीटी, जेमिनी आणि नोटबुकएलएम या एआय साधनांकडे शिक्षक वळतात ते यामुळेच. राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या मराठी माध्यमाच्या भूगोलाला ही साधनं कितपत उपयोगी पडतात, एवढाच इथे प्रश्न आहे. तिन्हींची फुकट आवृत्ती या कामाला पुरते, पैसे भरायची गरज नाही. फक्त फोटो आणि फाइल चढवण्यावर मर्यादा असते, म्हणून एका दिवशी एकच प्रकरण घ्यावं.

निकाल आधीच सांगून टाकू. पाठाचा आराखडा, तोंडी प्रश्न, क्षेत्रभेटीची प्रश्नावली : पाचपैकी चार. प्रश्नपत्रिका : अडीच. आकडेवारी : एक. नकाशे : शून्य. अर्धा गुणसुद्धा नाही.

पहिली अडचण पाठ्यपुस्तकातच येते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, पण काही पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की जोडाक्षरं तुटलेली, वेलांट्या सुटलेल्या अशा अवस्थेत येतो. डोळ्यांना पान व्यवस्थित दिसतं, साधनाला मात्र आतला मोडका मजकूर दिसतो, आणि मग ते उरलेलं अंदाजाने भरून काढतं. फाइल चढवण्याआधी एक परिच्छेद कॉपी करून कोऱ्या पानावर चिकटवून पाहा. मोडका आला तर पीडीएफ बाजूला ठेवा आणि पानांचे स्क्रीनशॉट द्या, एका वेळी तीन-चार पानं. नोटबुकएलएम वापरायचं असेल तर गुगल ड्राइव्हमध्ये पीडीएफ गुगल डॉक्समधून उघडा, म्हणजे अक्षरं नव्याने ओळखली जातात. तो मजकूर एकदा नजरेखालून घालून मगच चढवा. नोटबुकएलएमचा मोठा फायदा असा की ते तुम्ही दिलेल्या मजकुराला धरून राहतं आणि उत्तरातलं वाक्य कुठून घेतलं ते दाखवतं. साध्या चॅटमध्ये तो लगाम तुम्हालाच घालावा लागतो.

नुसतं 'दहावीच्या हवामान पाठाचं टाचण दे' असं म्हटलं की बहुतेक वेळा हवामान बदल, हरितगृह परिणाम, झाडे लावा असं काहीतरी हाती पडतं. दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. मागणी साधारण अशी लिहावी :

'इयत्ता दहावी, राज्य मंडळ, मराठी माध्यम. सोबत हवामान प्रकरणाची पानं आहेत. फक्त यातलाच मजकूर वापर. बाहेरचं काही घेतलंस तर ओळीच्या शेवटी "बाहेरचे" असं लिही. उपघटक : ब्राझीलच्या हवामानातील प्रादेशिक फरक. तासिका ३५ मिनिटं, हजेरी आणि गृहपाठ वगळून शिकवायला २८. विद्यार्थी ६०, बाक हलवता येत नाहीत. साधनं : फळा, खडू, दक्षिण अमेरिकेचा भिंतीवरचा नकाशा, पाठ्यपुस्तक. प्रोजेक्टर नाही. दोन अध्ययन निष्पत्ती, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फळ्यावर काय लिहायचं आणि शेवटी तीन प्रश्न. प्रत्येक कृतीपुढे मिनिटं लिही.'

यातल्या विद्यार्थिसंख्येच्या आणि बाकांच्या ओळीला फार किंमत आहे. ती नसेल तर टाचणात 'सहा गट करा, चार्ट पेपर वाटा, प्रत्येक गटाने सादरीकरण करावे' हे हमखास येतं. साठ मुलांचे गट करून ती बसेपर्यंतच सात-आठ मिनिटं जातात, आणि टाचणात त्याला दोन मिनिटं दिलेली असतात. ओळ घातली की तेच साधन 'शेजाऱ्याबरोबर जोडीने, बाकावरच' अशी कृती देतं, आणि ती खरंच होते. मिनिटांची बेरीज मात्र स्वतः करा. २८ सांगून ३४ मिनिटांच्या कृती आल्या तर 'कमी कर' असं मोघम सांगू नका, कारण मग ते सगळीकडून एकेक मिनिट कापतं. कुठली कृती काढायची ते नाव घेऊन सांगा.

आता मजकूर. ईशान्य ब्राझीलमधला अवर्षण चतुष्कोन, म्हणजे तिथला कमी पावसाचा प्रदेश, हा चांगला कसोटीचा मुद्दा आहे. पुस्तक सांगतं ते असं : समुद्रावरून येणारे वारे किनाऱ्याजवळच्या अजस्र कड्याला (हे त्या उंच कड्याचं पुस्तकातलं नाव) अडतात, किनाऱ्यावर प्रतिरोध पाऊस पडतो आणि कड्यापलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो. साधनाला मोकळं सोडलं तर ते विषुववृत्तीय कमी दाबाच्या पट्ट्याचं सरकणं, दक्षिण अटलांटिकवरचा जास्त दाब, सागरी तापमान असं सगळं आणतं. ते चूक नाही. पण 'भौगोलिक कारणे लिहा' या प्रश्नाला मुलाने लिहायचं उत्तर कड्याशी आणि वाऱ्यांशी बांधलेलं आहे. 'बाहेरचे' ही खूण इथे कामाला येते. खूण असलेल्या ओळी शिक्षकाने वाचाव्यात आणि वर्गात चौकस मुलाने विचारलंच तर सांगाव्यात.

ऋतूंवर नजर ठेवा. 'प्रवासाची बॅग भरा' ही एआयची आवडती कृती. जुलैमध्ये पोर्तो अलेग्रेला जायचं तर स्वेटर लागतो, कारण मकरवृत्ताच्या दक्षिणेकडच्या त्या भागात तेव्हा हिवाळा असतो. मानौस विषुववृत्ताजवळ, तिथे तोच महिना उकाड्याचा. उदाहरणं भारताची आणि ब्राझीलची सरमिसळ झाली की ही उलटापालट टाचणात अधूनमधून निसटते.

भाषेची तपासणी दोन मिनिटांची आहे. भूमध्य रेखा, कर्क रेखा, जलवायू, जनसंख्या, चट्टान हे हिंदी शब्द शोधा आणि विषुववृत्त, कर्कवृत्त, हवामान, लोकसंख्या, खडक असे बदला. नववीच्या वितरणाच्या नकाशांत टिंब, क्षेत्रघनी आणि समघनी हीच नावं राहू द्या. साधन स्वतःची नवी नावं पाडतं आणि ती मुलांना पुस्तकात सापडत नाहीत. पुस्तकाच्या प्रकरणातले वीस-पंचवीस पारिभाषिक शब्द मागणीतच दिले तर हा त्रास जवळजवळ संपतो.

आकडेवारीत मात्र एका गुणापलीकडे जाता येत नाही, आणि त्याची कारणं बघण्यासारखी आहेत. २०११ च्या भारतीय जनगणनेचे दोन संच जालावर पसरलेले आहेत, तात्पुरते आणि अंतिम. लिंग गुणोत्तर तात्पुरतं ९४०, अंतिम ९४३. साक्षरता तात्पुरती ७४.०४ टक्के, अंतिम ७२.९९. महाराष्ट्राचं लिंग गुणोत्तर तसंच, आधी ९२५, मग ९२९. एकाच टाचणात एक आकडा या संचातला आणि दुसरा त्या संचातला येतो आणि दोन्ही तितक्याच ठामपणे लिहिलेले असतात. ब्राझीलबद्दल तर २०१० ची जनगणना (सुमारे १९ कोटी) आणि २०२२ ची (सुमारे २०.३ कोटी) यांची खिचडी होते. तुलनेच्या तक्त्यात भारत २०११ चा आणि ब्राझील २०२२ चा असेल तर तो तक्ता कशाचीच तुलना करत नाही. परीक्षेसाठी पुस्तकातला आकडा, वर्षासकट. नवा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात वेगळा.

जिल्ह्यांची नावंही तपासा. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं एका ओळीत नवी आणि पुढच्या तक्त्यात जुनी येतात. पालघर २०१४ साली झाला आणि जिल्हे ३६ झाले, तरी ३५ चा आकडा जुन्या मजकुरातून अजून वर येतो.

हवामान आलेखासाठी महिनावार पाऊस मागितला की बारा आकडे सुबक येतात. त्यांची बेरीज करा आणि शेजारी दिलेल्या वार्षिक पर्जन्यमानाशी ताडून पाहा. अनेकदा जुळत नाही, कारण ते आकडे कुठून वाचलेले नसून रचलेले असतात. आकडे तुम्ही द्या, मग त्याच्याकडून तक्ता करून घ्या. तो स्प्रेडशीटमध्ये टाकून पावसाचे स्तंभ आणि तापमानाची रेषा असा जोड आलेख काढा, आणि रेषेला उजवीकडचा दुय्यम अक्ष द्यायला विसरू नका. एकच अक्ष ठेवला तर ३०० मिमीच्या स्तंभांपुढे २७ अंशांची रेषा तळाशी सपाट पडते आणि 'तापमान कक्षा किती' हा प्रश्नच विचारता येत नाही.

नकाशांना शून्य गुण देताना कठोरपणा झालेला नाही. चित्र तयार करणारी साधनं नकाशा मोजून काढत नाहीत, नकाशासारखं दिसणारं चित्र काढतात. किनारे सरकतात, नद्या उगमाकडून मुखाकडे जाण्याऐवजी मध्येच विरतात, देवनागरी नावांची अक्षरं फाटतात. भारताच्या सीमेचा प्रश्न याहून गंभीर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा कायद्याने गुन्हा आहे. असं चित्र शाळेच्या स्मरणिकेत किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून विषाची परीक्षा कशाला घ्यायची? सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून नकाशे मिळतात, १:५०,००० प्रमाणाची स्थलनिर्देशक पत्रकंसुद्धा, आणि नकाशा आराखडे स्टेशनरीच्या दुकानात आहेतच. एआयकडून नकाशा घ्यायचा नाही, नकाशावर विचारायचे प्रश्न घ्यायचे, आणि ते खरोखर छान मिळतात.

याचा सगळ्यात चांगला उपयोग गुगल अर्थ प्रोबरोबर होतो. महाड, महाबळेश्वर, वाई अशी रेषा ओढा, तिच्यावर उजवी क्लिक करून उंचीचा छेद दाखवायला सांगा. समुद्रसपाटीजवळून साडेतेराशे मीटरच्या आसपास चढ आणि मग वाईकडे सातशेच्या घरात उतार, हे एका चित्रात दिसतं. या छेदाचा स्क्रीनशॉट चॅटला द्या आणि प्रतिरोध पावसावर सोप्याकडून अवघडाकडे जाणारे सहा प्रश्न मागा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि वाईला हजाराच्या आत, हे तुम्ही सांगा. मुलांना एक गोष्ट बजावून सांगायला हवी : छेदात उभं प्रमाण ताणलेलं असतं. पन्नासेक किलोमीटरच्या रेषेवर सव्वा-दीड किलोमीटरची उंची खऱ्या प्रमाणात काढली तर सह्याद्री जेमतेम टेकाडाएवढा दिसेल. ही सूचना एआय आपणहून देत नाही.

स्थानिक वेळेची गणितं मागितली तर पायऱ्या दाखवायला लावा. नवी दिल्ली आणि ब्राझिलिया यांच्या प्रमाणवेळेतला फरक कधीकधी साडेसात तास असा येतो. ब्राझीलने उन्हाळी वेळ २०१९ मध्ये बंद केली, पण जुनी पानं अजून जालावर आहेत, त्याचा हा परिणाम. पडताळा सोपा आहे : प्रमाणवेळेची रेखावृत्तं घ्या, भारताचं ८२°३०′ पूर्व आणि ब्राझिलियाचं ४५° पश्चिम, मिळून १२७°३०′, गुणिले अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ५१० मिनिटं, साडेआठ तास. नववीच्या आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या गणितांत तर प्रत्येक उत्तर हाताने सोडवून पाहा. वेळ बरोबर आणि वार चुकीचा, असं होतं.

प्रश्नपत्रिकेला अडीच गुण दिले ते प्रश्नांच्या वैविध्यासाठी. ४० गुणांचा संविधान तक्ता (कुठल्या घटकावर, कुठल्या प्रकारच्या प्रश्नांना किती गुण याचा आराखडा) मागितला तर बेरीज ३८ किंवा ४३ येऊ शकते, म्हणून तक्ता तुम्ही भरा आणि रकान्यागणिक प्रश्न मागा. बहुपर्यायी प्रश्नांत बरोबर पर्याय बरेचदा सगळ्यात लांब असतो. हुशार मुलं पुस्तक न उघडता तो ओळखतात. सगळे पर्याय सारख्या लांबीचे हवेत असं मागणीतच घाला. दोन उत्तरं बरोबर असण्याचा दोषही नेहमीचा. 'पुढीलपैकी कोणत्या देशाची सीमा ब्राझीलला लागत नाही?' याखाली पेरू, चिली, इक्वेडोर, बोलिव्हिया असे पर्याय आले, तर चिली आणि इक्वेडोर दोन्ही बरोबर. आणि पेपर तपासून घेण्यासाठी मुलांच्या नावांसकट उत्तरपत्रिका या साधनांत चढवू नका. हजेरी क्रमांकावर भागतं.

क्षेत्रभेटीत मात्र हे साधन फार उपयोगी पडतं. आठवडी बाजार, रोपवाटिका किंवा साखर कारखाना असं ठिकाण सांगून निरीक्षण, मुलाखत आणि नोंद अशा तीन भागांत बारा प्रश्न मागा. पंचवीस मागितले तर मुलं विचारणार नाहीत आणि भाजीवालाही कंटाळेल. 'तुमचं वार्षिक उत्पन्न किती?' यासारखे प्रश्न काढून 'हा माल कुठून आला, कशाने आला, किती वेळ लागला?' असे ठेवा. त्यावरून मुलांना बाजाराच्या प्रभावक्षेत्राचा, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या आसपासच्या भागाचा, आराखडा काढता येतो. जवळची ठिकाणं आणि अंतरं मात्र त्याला विचारू नका. पालकांचं संमतीपत्र आणि एसटी आगारप्रमुखांना बसच्या मागणीचं पत्र जवळपास जसंच्या तसं चालतं. तारीख, जावक क्रमांक आणि विद्यार्थिसंख्या तेवढी स्वतः घाला, कारण तिथे जागा रिकामी सोडायची सोडून ते एखादा आकडा ठोकून देतं.