ब्रास म्हणून 37,760 रुपयांना जस्त गळ्यात मारलं, इन्सर्ट मागवणाऱ्यांनी वाचा

मी लाकडी फर्निचर करतो. आकडे आधी सांगतो. एम6 चे (6 एमएम बोल्टचे) थ्रेडेड इन्सर्ट, म्हणजे लाकडात आट्यांवर फिरवून बसवायची आणि आत बोल्ट घेणारी धातूची नळी, बाहेरून 10 एमएम, लांबी 13, ‘प्युअर ब्रास’, नग 2000. दर 16 रुपये म्हणजे 32,000, वर 18 टक्के जीएसटी 5,760, एकूण 37,760. निम्मे म्हणजे 18,880 ॲडव्हान्स, उरलेले 18,880 माल निघायच्या आधी. कुरिअरचे 780 वेगळे, ते पण मीच भरले. आणि आलं काय, तर जस्ताचं ओतीव, वर पितळी प्लेटिंग.

मला लाज वाटते हे लिहायला. कोल्हापुरात राहतो, शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, जिकडं बघाल तिकडं फौंड्री नाहीतर मशीन शॉप, घरटी एक माणूस धातूत काम करणारा, आणि आम्ही धातूतच गंडलो. मित्र अजून हसतायत. हसा.

आता कोणी म्हणेल एवढे 2000 कशाला घ्यायचे. पन्हाळ्याच्या एका होमस्टेची ऑर्डर होती, शिसवीचे नॉकडाऊन पलंग, म्हणजे वर नेऊन बोल्टवर जोडायचे, कारण जिना अरुंद. शिवाय पुढच्या वर्षभराचा माल एकदम पडला असता. लक्ष्मीपुरीत हाच पीस किरकोळीत 22 ला सांगतात आणि तोही शंभर मागितले तर वीस निघतात. 16 चा दर बघून भुललो असं म्हणू नका, बल्कमध्ये 16 काही अशक्य दर नाही, म्हणून तर पटलं.

पद्धत तुम्हाला माहीतच आहे. मोबाईलवर जाहिरात, ‘डायरेक्ट जामनगर फॅक्टरी’, मग व्हॉट्सॲपला कॅटलॉग, ऑटो लेथवर पिवळे पीस पडतायत असा व्हिडिओ. जामनगरचं पितळकाम देशभर नावाजलेलं आहे त्यामुळं ते नाव ऐकलं की माणूस निम्मा तिथंच विकत जातो, आणि तिथल्या खऱ्या कारखानदारांचा यात काही दोष नाही, हा माणूस जामनगरचा होता की नाही हेच मला अजून कळलेलं नाही. सॅम्पल मागितले, आले. आणि सॅम्पल अस्सल होते हो! शिसवीच्या वेस्ट तुकड्यात 9.2 चं भोक मारून, तोंड जरा काउंटरसिंक (पसरट) करून, थ्रेडला मेणबत्ती घासून घातले, एकदम गपकन बसले, बोल्ट लावून ताणलं तरी हलले नाहीत. मग कोण संशय घेणार, सांगा की.

पैसे पाठवताना यूपीआयवर फर्मचं नाव न येता कुणा माणसाचंच नाव आलं. विचारलं तर म्हणाला, ‘‘सर, पार्टनर का अकाउंट है, जीएसटी बिल तो फर्म का ही मिलेगा.’’ बिल आलं पण. पत्ता जामनगरचा आणि जीएसटी नंबर 07 नं सुरू! गुजरातचा असता तर 24 नं सुरू झाला असता, 07 म्हणजे दिल्ली. हे मला आज पाठ आहे, तेव्हा बिलावर नुसतं ‘टॅक्स इनव्हॉइस’ छापलेलं बघूनच बरं वाटलं होतं. नंतर पोर्टलवर टाकला तर नोंदणी कधीच रद्द झालेली. म्हणजे ते 5,760 सरकारला गेलेच नाहीत, त्याच्याच खिशात.

पण हे सगळं सोडा. मला झोप लागत नाही ती खोक्यामुळं. खोकं आलं तेव्हा कुरिअरच्या चिठ्ठीवर वजन होतं 7.9 किलो. चिठ्ठी मी स्वतः फाडून बाजूला ठेवली. सॅम्पलचा पीस जवळजवळ 5 ग्रॅमचा, 2000 म्हणजे 10 किलो, हा हिशोब चौथीतलं पोरगं करेल. मी काय केलं? ड्रॉवरमधून लोहचुंबक काढला, पिशवीतल्या मूठभर नगांवर फिरवला, एक पण पीस चिकटला नाही, आणि पोऱ्याला म्हटलं, ‘‘बघ, ब्रासच हाय.’’ आमच्याकडं सगळा कारभार बिडाचा, लोखंडाचा, त्यामुळं लहानपणापासून चुंबक हाच न्यायाधीश. अरे पण चुंबकाला पितळ पण चिकटत नाही आणि जस्त पण चिकटत नाही! चुंबक लोखंड, निकेल असे मोजकेच धातू पकडतो. त्या भामट्यानं स्वतःच व्हिडिओत चुंबक लावून दाखवला होता, त्याला माहीत होतं आपण हीच परीक्षा घेणार. चुंबक लावून ब्रास सिद्ध करून दाखवणारा कोणीही भेटला तर तिथंच फोन ठेवा.

पलंगाच्या पहिल्याच पायात तिसरा इन्सर्ट निम्मा आत गेल्यावर कट् करून तुटला. वरची कडी ॲलन कीसोबत (फिरवायच्या षटकोनी चावीसोबत) हातात, बाकीचा आत. तुटलेल्या जागी पितळेचा पिवळा रंग कुठंच नाही, राखाडी, साखरेच्या दाण्यासारखं रवाळ. आणखी एक घातला तर त्याचं ॲलनचं भोकच गोल झालं, ॲलन की नुसती फिरतीय. शिसवीचे तीन पाय गेले, आतले तुकडे ड्रिल करून काढताना भोकं फाटली, लाकडाचे डॉवेल (गोल खुंट्या) ठोकून परत भोक मारायचं म्हणजे किती कुटाणा ते करणाऱ्यालाच माहीत. टिंबर मार्केटमधून शिसव नव्यानं आणली त्याचे 6,400 वेगळे.

फोन केला तर उलटं मलाच ज्ञान, ‘‘सर, आपने होल छोटा मारा होगा.’’ म्हणे होल छोटा! सागवानात मी 9 चं मारतो, शिसवीत 9.2, जेवढं लाकूड भरीव तेवढं भोक जरा मोठं, आणि ड्रिल मशीन प्लग काढून चकमध्ये (मशीनच्या पकडीत) बोल्ट धरून हातानं फिरवतो म्हणजे काटकोनात जातो, दाब वाकडा पडत नाही. त्याच भोकात उरलेला सॅम्पलचा पीस घातला, लोण्यासारखा गेला. त्याचा व्हिडिओ पाठवला, दोन निळ्या टिका आल्या, मग ब्लॉक.

गुजरीत एका ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर दोन्ही पीस ठेवले. सॅम्पल 4.98 ग्रॅम, बल्कमधला 3.87. मापं तंतोतंत सारखी. जस्ताचं मिश्रण पितळेपेक्षा साधारण पाव हिश्शानं हलकं असतं, तेवढाच फरक. उद्यमनगरातल्या एका टर्नरनं कानस मारून दाखवली, दोन घासांत पिवळं संपलं, खाली पांढुरकं. म्हणाला, ‘‘भावा, ह्यो पितळंचा न्हाई, नुसतं पाणी दिलंय वरनं.’’ जस्ताचे इन्सर्ट वाईटच असतात असं पण नाही, प्लाय, पार्टिकल बोर्ड, पाईनला ते उघडपणे विकतात आणि चालतात. राग याचा की ब्रास म्हणून विकले. भरीव लाकडात खरं म्हणजे पितळ पण जपूनच घालावं लागतं, फारच कठीण लाकूड असेल तर सरळ स्टीलचे घ्या.

आता तक्रारीचं ऐका. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, ‘‘माल आला न्हवं? मग फसवणूक कशाची?’’ म्हटलं साहेब, सोनं सांगून कथील दिलं तर? तर म्हणे हा व्यवहारातला वाद, दिवाणी मॅटर, कोर्टात जा. मग म्हणे आरोपी गुजरातचा, आमची हद्द नाही. अहो, गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात खबर घेतली पाहिजे असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय, 1 जुलै 2024 पासून लागू आहे, आणि फसवणुकीचं कलम न्याय संहितेत 318. हे मी मोबाईलवर काढून दाखवलं तर, ‘‘तुम्ही वकील आहात काय?’’ तिथनं सायबरवाल्यांकडं पाठवलं. सायबरवाले म्हणतात ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही, पैसे तुम्हीच राजीखुशीनं पाठवले, मग सायबर कसं. बँक म्हणते तुम्हीच पिन टाकला. परत ठाण्यात, तर आधीचे साहेब बंदोबस्ताला, अर्ज टेबलावर पण पोच नाही, पोच मागितली तर ‘‘उद्या या’’. हेल्मेट नसलं तर पाच मिनिटांत पावती निघते, 37,760 च्या अर्जावर एक शिक्का उठत नाही! ग्राहक तक्रारीसाठी एका ठिकाणी विचारलं तर तुम्ही व्यापारी, ग्राहक नव्हे म्हणून वाटेला लावलं. ते पण खोटं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सूट आहे, मी आणि एक पोऱ्या, माझा काय कारखाना आहे? आणि तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, जामनगरला जायला लागत नाही, 5 लाखांपर्यंत फी पण नाही. अर्ज टाइपिंगला दिलाय.

पैसे गेल्याचं लगेच कळलं तर 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) तासाभरात फोन करा, तेव्हाच समोरचं खातं गोठायची काही आशा असते, माझ्यासारखं माल तुटेपर्यंत थांबलात तर खातं रिकामं झालेलं असतं. सॅम्पलवर ऑर्डर देताना दोन सॅम्पल सीलबंद बाजूला ठेवा, वापरून टाकू नका. बिलावर नुसतं ‘इन्सर्ट’ नको, ब्रास असं लिहून आणि नगाचं वजन टाकून घ्या. व्यक्तीच्या खात्यात एक रुपया नको, पार्टनर असो नाहीतर मेहुणा.

पलंगाचे इन्सर्ट शेवटी त्याच टर्नरकडून पितळी रॉडचे काढून घेतले, 24 ला एक, माल तोलून मग पैसे. महाग पडले, पण एक पण तुटला नाही. होमस्टेवाल्यानं उशिराचे म्हणून 3,000 कापले ते कापलेच. जस्ताचे 100 नग आयोगासाठी खोक्यात टेप मारून ठेवलेत, चिठ्ठीसकट. बाकीचे 1,800 च्या वर पडून आहेत, प्लायच्या ड्रॉवरला, खोक्याबिक्याला कुणाला हवे असतील तर फुकट घेऊन जावा, फक्त शिसवीत घालू नका आणि ब्रास म्हणून पुढं विकू नका.