पारी-जीपी : संख्या सिद्धांत आणि बीजगणिताच्या गृहपाठासाठी एका सत्राचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीत मी बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या मुलामुलींच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. नवे सत्र सुरू झाल्यापासून गृहपाठाची उदाहरणे सोडवताना आम्ही पारी-जीपी ही संगणकावर गणिती आकडेमोड करून देणारी प्रणाली नियमितपणे वापरत आहोत, आणि आता सत्र संपत आल्यावर तिच्याविषयी खात्रीने लिहावे असे वाटते. फ्रान्समधील बोर्दो येथे आंरी कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तिची सुरुवात केली. ती विनामूल्य मिळते, जुन्या लॅपटॉपवरही चालते आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही, ही आमच्याकडच्या मुलांसाठी मोठीच सोय आहे.

ही प्रणाली सिद्धता लिहून देत नाही. नेमके काय सिद्ध करायचे आहे ते मात्र ती डोळ्यांसमोर आणून ठेवते, आणि माझ्या मते गृहपाठात मुले अडतात ती बहुतेक वेळा तिथेच. क्ष⁴ + १ ही बहुपदी घ्या. परिमेय संख्यांवर तिचे अवयव पडत नाहीत. पण 'फॅक्टरमॉड' ही आज्ञा देऊन मोड्युलो ३, म्हणजे सहगुणकांची ३ ने भागून उरणारी बाकीच धरून, पाहिले, तर (क्ष² + क्ष + २)(क्ष² + २क्ष + २) असे अवयव मिळतात, ५ साठी (क्ष² + २)(क्ष² + ३) आणि ७ साठी (क्ष² + ३क्ष + १)(क्ष² + ४क्ष + १). एका विद्यार्थिनीने शंभरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांसाठी एका ओळीत हे करून घेतले आणि विचारले, "सर, प्रत्येक वेळी अवयव पडतातच, असं का?" हा प्रश्न तिच्या मनात आपोआप उभा राहिला, म्हणून पुढची सिद्धता तिला परकी वाटली नाही : कोणत्याही विषम मूळ संख्येसाठी −१, २ आणि −२ यांपैकी निदान एक वर्गशेष (म्हणजे त्या मूळ संख्येने भागल्यावर एखाद्या वर्गसंख्येइतकीच बाकी देणारी संख्या) असतोच, कारण दोन अवर्गशेषांचा गुणाकार वर्गशेष असतो, आणि तिन्ही शक्यतांत ही बहुपदी दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता येते. उत्तरात प्रत्येक सहगुणकाला 'मॉड' चिकटून येतो, त्याने नवखी मुले गोंधळतात. त्यासाठी तो 'मॉड' काढून टाकणारी 'लिफ्ट' ही आज्ञा पहिल्याच दिवशी शिकवावी.

उत्तर वाचायला शिकणे हा वेगळाच अभ्यास आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'बीजगणित' ग्रंथात चक्रवाल पद्धतीने, म्हणजे एकच कृती पुनःपुन्हा करत पूर्णांकांतली उकल काढण्याच्या रीतीने, सोडवलेले क्ष² − ६१य² = १ हे समीकरण आम्ही घेतले. त्याची सर्वांत लहान धन पूर्णांक उकल क्ष = १७६६३१९०४९, य = २२६१५३९८० अशी आहे. अशा उकली ज्याच्या घातांतून मिळतात ते मूलभूत एकक देणारी 'क्वाडयुनिट' ही आज्ञा मात्र ६१ साठी फक्त १७ + ५डब्ल्यू एवढेच दाखवते, आणि त्यातील डब्ल्यू म्हणजे (१ + √६१)/२. या एककाचा 'नॉर्म' (√६१ चे चिन्ह बदलून मिळणाऱ्या संख्येशी त्याचा गुणाकार) −१ येतो आणि त्यात छेदाला २ आहे, म्हणून भास्कराचार्यांच्या उत्तरापर्यंत पोहोचायला त्याचा सहावा घात घ्यावा लागतो. सहावाच का, हे वहीत लिहून काढताना मुलांना चक्रवालाची थोरवी जशी कळली, तशी नुसते उत्तर पाहून कळली नसती.

चिनी शेष प्रमेय (वेगवेगळ्या भाजकांच्या बाक्यांवरून संख्या शोधणे), म.सा.वि. आणि मोड्युलर व्यस्त (जिच्याशी गुणल्यावर बाकी १ उरते ती संख्या) यांच्या पडताळणीसाठी पारी-जीपी उत्तम आहे, त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही. मोठी संख्या मूळ आहे का हे तपासताना मात्र 'इज-प्राइम' आणि 'इज-स्यूडोप्राइम' यांतील फरक ध्यानात ठेवावा : पहिली आज्ञा खरोखर सिद्ध झालेले उत्तर देते, तर दुसरी जलद असली तरी तिच्या होकाराला सिद्धतेचा दर्जा नाही. गृहपाठात 'मूळ आहे' असे लिहायचे असेल, तर पहिलीच वापरावी.

सूचनापुस्तिका इंग्रजीत आहे आणि ती संशोधकांसाठी लिहिलेली असल्याने पदवीच्या मुलांना जड जाते. म्हणून लागणाऱ्या निवडक आज्ञा मी मराठीत एका पानावर लिहून दिल्या आहेत. आधी वहीत प्रयत्न, मग संगणक, असा आमचा क्रम असतो आणि मी तो काटेकोरपणे पाळायला लावतो.

अमूर्त बीजगणितातील समूहांच्या उदाहरणांसाठी, विशेषतः सांत समूहांच्या उपसमूहांविषयीच्या सायलोच्या प्रमेयांवरील प्रश्नांसाठी, पारी-जीपी फारशी उपयोगी नाही. तिथे आम्ही 'गॅप' ही समूहांसाठीची संगणक प्रणाली वापरतो, आणि तीही विनामूल्यच आहे.