मेट्रोनोम: ठोका पक्का, शब्दांचा हिशेब कच्चा

योहान मेल्झेल यांनी 1815 मध्ये ज्याचे पेटंट घेतले, तो किल्लीचा मेट्रोनोम आजही जवळपास त्याच रूपात मिळतो. लयीचा सराव करण्याचे साधन म्हणून त्यात खोट काढण्यासारखे थोडेच आहे. लंबकावरचे वजन खाली सरकवले की ठोके जलद पडतात आणि वर नेले की संथ होतात. मिनिटाला 40 पासून 208 ठोक्यांपर्यंतची लय त्यावर लावता येते. मात्र तो सपाट जागीच ठेवावा लागतो, नाहीतर ठोके लंगडू लागतात.

माझी तक्रार आहे ती मोजपट्टीशेजारी छापलेल्या, संगीताची गती सांगणाऱ्या इटालियन शब्दांबद्दल. अंदान्ते (चालण्याच्या गतीने) 76 ते 108 आणि अलेग्रो (जलद) 120 ते 168, अशी वाटणी पाहून नवशिक्याचा समज होतो की शब्द म्हणजे आकडाच. बेथोव्हेन यांनी आपल्या सिंफनींसाठी 1817 मध्ये स्वतः प्रसिद्ध केलेले आकडे या पट्टीवर लावून पाहावेत. सातव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागावर ‘अलेग्रेत्तो’ (बेताचे जलद) लिहिले आहे, पण त्याचा आकडा 76 आहे, म्हणजे पट्टीच्या मते तो अडाजिओ (संथ) आणि अंदान्ते यांच्या सीमेवर येतो. पाचव्या सिंफनीचा पहिला भाग ‘अलेग्रो कॉन ब्रियो’ असून त्याचा आकडा 108 आहे. हा ठोका मिनिमचा, म्हणजे दोन पाव-स्वरांइतक्या लांबीच्या स्वराचा असल्यामुळे प्रत्यक्षात संगीत धावत असते, तरी पट्टी मात्र मोदेरातोकडे (मध्यम गतीकडे) बोट दाखवते. ठोका कोणत्या स्वराला धरायचा हे ठाऊक नसेल, तर पट्टीवरचा शब्द निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणाराही ठरतो. (अंदान्तिनो हा अंदान्तेपेक्षा संथ की जलद, यावर तर संगीतकारांचेही कधी एकमत झाले नाही.)

‘कॉन ब्रियो’ म्हणजे जोमाने, ‘दोल्चे’ म्हणजे मृदूपणे, ‘कान्ताबिले’ म्हणजे गायल्यासारखे; या सूचना स्वर कसा लावायचा ते सांगतात आणि त्यांना पट्टीवर जागा असण्याचे कारणही नाही. रितार्दांदो (हळूहळू संथ होणे) किंवा रुबातो (लय मोकळेपणाने ताणणे-आवळणे) आले की यंत्र बंदच करावे लागते. म्हणून अवघड ओळी आधी संथ लयीत बसवून टप्प्याटप्प्याने वेग वाढवण्यासाठी हा मेट्रोनोम जरूर घ्यावा. शब्दांच्या अर्थासाठी मात्र संगीतकोश उघडावा आणि शक्य असल्यास शब्द न छापलेली, नुसत्या आकड्यांची पट्टी असलेले मॉडेल निवडावे.