येझदीची एमिशन तपासणी: उद्यमबागेच्या वाटेवरील एका केंद्राचा अनुभव

माझ्याकडे १९९१ सालची, केए-२२ पासिंगची येझदी रोडकिंग आहे. म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेल्या या अडीचशे सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीला दोन सायलेन्सर आहेत आणि दर सहा महिन्यांनी तिचे एमिशन प्रमाणपत्र (पीयूसी, म्हणजे धूर मर्यादेत असल्याचा दाखला) काढावे लागते. बेळगावात तपासणी केंद्रांची वाण नाही. पण तेलकट धुराने यंत्राचा फिल्टर चोंदतो म्हणून बरेचजण अशी गाडी दुरूनच परत पाठवतात. मागच्या खेपेस एका ठिकाणी तर नंबर प्लेटचा फोटो काढून, नळी सायलेन्सरला न लावताच कागद देण्याची तयारी दाखवली गेली. कागद मिळाला असता, गाडीचे दुखणे मात्र तसेच राहिले असते, म्हणून मी तिथून निघालो.

या वेळी उद्यमबागेकडे, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीकडे, जाताना लागणाऱ्या एका लहानशा केंद्रात गेलो. पाटीवर कन्नडमध्ये ‘वायुमालिन्य तपासणा केंद्र’ असे लिहिले आहे. अक्षरे जुळवता आली की शब्द आपल्याच घरातले निघतात. मी गाडी उभी करताच तेथील तरुण म्हणाला, “जरा गरम होऊंदे की काका, थंड इंजिनाचं रीडिंग कशाला घ्यायचं?” दहा मिनिटे गाडी फिरवून आणल्यावर त्याने नळी सायलेन्सरात वीतभराहून जास्त आत सारली, आकडा स्थिर होईपर्यंत ॲक्सिलरेटरला हात लावू दिला नाही आणि मग दुसऱ्या सायलेन्सरचेही माप घेतले. दोन्ही नळकांड्यांचे माप घेणारा माणूस मला इतक्या वर्षांत प्रथमच भेटला.

गाडी नापास झाली. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेले इंधन) ९००० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ९००० भागांपर्यंत, चालते (त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६०००), माझ्या गाडीचे आकडे ५.१ आणि १०,४०० आले. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचे तोंड उघडे असतानाच ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते आणि त्यातले काही न जळताच बाहेर पडते, म्हणून हायड्रोकार्बन मुळातच जास्त असतो. पण दहा हजारांवर जाण्याचे खापर इंजिनाच्या रचनेवर फोडता येणार नाही. टू-स्ट्रोकला वंगणाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, म्हणून “ऑइल किती घालता?” असे त्याने विचारले. लिटरला पन्नास मिली, असे मी काहीशा अभिमानानेच सांगितले, तेव्हा तो नुसता हसला.

त्या दिवसाचे पैसे त्याने घेतले नाहीत. घरी येऊन टाकी रिकामी केली आणि लिटरला तीस मिली टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल घालून नवे पेट्रोल भरले. सायलेन्सरमधील बॅफल (आवाज कमी करणाऱ्या भोकांच्या नळ्या) ओढून काढले, तर त्यांवर डांबरासारखा काळा, चिकट थर बसलेला होता आणि काही भोके पूर्ण बुजली होती. ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी तारेच्या ब्रशने घासले. एअर फिल्टर धुतला, प्लग बदलला आणि मिस्त्रींकडून कार्बुरेटरचा एअर स्क्रू, म्हणजे हवेचे प्रमाण ठरवणारा स्क्रू, पाव आटा सैल करून घेतला. तिसऱ्या दिवशी त्याच केंद्रात उजव्या सायलेन्सरवर ३.२ आणि ७,८५०, तर डाव्यावर ३.४ आणि ८,१०० असे आकडे आले.

उणिवा आहेतच. गाडी उन्हात उभी करावी लागते, बसायला एकच डगमगणारे बाक आहे आणि सर्व्हर अडला की तासभर खोळंबा होतो. दुसऱ्या खेपेला माझी सकाळ त्यातच गेली. घाईत असणाऱ्याने इथे येऊ नये. मात्र ज्याच्याकडे आरएक्स-१००, राजदूत किंवा जुनी चेतक असेल आणि आपली गाडी खरोखर किती धूर सोडते हे ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याने थोडी वाट वाकडी करून इथेच यावे. प्रमाणपत्र देताना त्या तरुणाने पांढऱ्या धुराकडे बोट दाखवून क्लचकडचे ऑइल सील पाहून घ्यायला सांगितले, कारण ते गळू लागले की गिअरचे तेल क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) ओढले जाऊन पेट्रोलबरोबर जळते. मिस्त्रींनी इंजिन उघडले, तेव्हा सीलची कड खरोखरच झिजलेली होती.