सांध्यांसाठीच्या मिनरल गोळ्या: सहा महिन्यांनंतर, झिंकच्या आकड्यामुळे बंद

पहिल्या दोन डब्यांवर 'झिंक ग्लुकोनेट ५० मि.ग्रॅ.' असं छापलेलं होतं. हे अख्ख्या क्षाराचं वजन. त्यात प्रत्यक्ष झिंक साधारण १४ टक्के, म्हणजे रोजच्या एका गोळीतून जेमतेम ७ मि.ग्रॅ. कंपनी हात आखडता घेतेय, असं तेव्हा माझं मत झालं होतं.

ते मत आता मागे घेतो. तिसऱ्या डब्यावर 'झिंक (ग्लुकोनेट स्वरूपात) ५० मि.ग्रॅ.' आलंय. म्हणजे आता ५० मि.ग्रॅ. हे निव्वळ झिंकचं वजन. एका कंसाने डोस सातपट! एवढ्या झिंकसाठी साडेतीनशे मि.ग्रॅ. ग्लुकोनेट लागतं, गोळी मात्र तेवढीच, वजनही तेवढंच. मग आधीचं लेबल खरं की आताचं? ग्राहक सेवेला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा एकच उत्तर: 'उत्पादन सुरक्षित आहे.' आकडा सांगायला कोणी तयार नाही.

एवढा अट्टहास का, तर प्रौढांसाठी झिंकची वरची मर्यादा दिवसाला ४० मि.ग्रॅ. आहे, आणि त्यात जेवणातलं झिंकही मोजायचं असतं. जास्त झिंक सतत पोटात गेलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन हे प्रथिन जास्त बनवतात. ते तांब्याला धरून ठेवतं, पेशी झडल्या की तांबंही शौचावाटे बाहेर. आणि सांध्याला तांबं हवंच: कोलॅजन या कूर्चेतल्या प्रथिनाचे धागे एकमेकांना घट्ट बांधणारं लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम तांब्याशिवाय चालत नाही. म्हणजे सांध्यांसाठी घेतलेली गोळीच सांध्याच्या मुळावर येऊ शकते. गोळीत २ मि.ग्रॅ. तांबं आहे खरं, पण कॉपर ऑक्साइडच्या रूपात, जे अंगी फारच कमी लागतं. तिथे ग्लुकोनेट किंवा सल्फेट हवं होतं.

मँगनीज २ मि.ग्रॅ., सेलेनियम ५५ मायक्रोग्रॅम. दोन्ही रोजच्या गरजेइतकं, तक्रार नाही. उपाशीपोटी घेतली की मळमळते, जेवणानंतर नाही. सकाळचा ताठरपणा होता तसाच आहे. मुळात कमतरता नसेल तर वरून घातलेल्या खनिजांनी कूर्चा भरून येत नाही, त्यामुळे तो दोष गोळीला देत नाही.

संधिवातासाठी पेनिसिलामाइन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही घेऊच नका. झिंक आणि ते औषध एकमेकांचं शोषण कमी करतात. आणि ही गोळी कित्येक महिने घेऊन पायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर नुसतं बी-१२ तपासून थांबू नका. तांब्याच्या कमतरतेची लक्षणं हुबेहूब बी-१२च्या कमतरतेसारखीच दिसतात. सीबीसीसोबत (रक्तपेशींची मोजणी) रक्तातलं कॉपर, सेरुलोप्लाझमिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि झिंकही बघायला सांगा, आणि डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.