चित्र तेच, पण कागद बदलला

रोममध्ये जुनं एचिंग (धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून त्यावरून कागदावर छापलेलं चित्र) विकत घ्यायचा विचार असेल, तर आमची फसवणूक कशी झाली ते आधी वाचा.

पिरानेसी या इटालियन चित्रकाराने (1720–1778) रोमची, तिथल्या भग्न वास्तूंसकट, शंभरावर मोठी दृश्यं तांब्याच्या पत्र्यांवर कोरली. आम्हाला हवी होती त्यातल्या सेप्टिमियस सेव्हेरस या रोमन सम्राटाच्या कमानीच्या दृश्याची प्रत. तेव्हा फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, गुरांचं कुरण होतं आणि ती भव्य कमान मातीत बरीच गाडलेली होती. आज तिथे उभं राहून ते दिसत नाही, त्याच्या चित्रात दिसतं. मी वास्तुरचनेचं काम करते, त्यामुळे त्या चित्रावर माझा फार जीव.

दुकानदाराने सुटी प्रत उजेडासमोर धरली. कागदात उभ्या-आडव्या जाळीच्या रेघा होत्या आणि दुहेरी वर्तुळातल्या लिलीच्या फुलाचं जलचिन्हही (वॉटरमार्क). पिरानेसीच्या हयातीतल्या प्रती अशा कागदावर सापडतात. पैसे भरले. "फ्रेम करून पुण्याला पाठवतो," म्हणाला. आलेली फ्रेम मागून पूर्ण चिकटवलेली होती.

पावसाळ्यात काचेला आतून ओल धरली म्हणून फ्रेम उघडली. आतला कागद सपाट, एकसारखा. ना जाळी, ना फूल. सावलीतल्या बारीक रेघा पुसट झालेल्या. प्रत उशिराची, म्हणजे पिरानेसी गेल्यावर छापलेली होती.

ही लबाडी चालते, कारण पिरानेसी गेला तरी त्याचे पत्रे शिल्लक राहिले. मुलांनी ते पॅरिसला नेऊन तिथे छापले, 1839 मध्ये पोपच्या सरकारने ते विकत घेतले आणि पुढेही रोममध्ये छपाई होत राहिली. पत्रा एकच, त्यामुळे काचेआडून दोन्ही प्रती सारख्याच दिसतात. किमतीत मात्र प्रचंड फरक. उशिराची प्रत उशिराची म्हणून विकण्यात काहीच गैर नाही, आमच्याकडेही अशी एक आहे आणि ती आवडतेच. पण दाखवायची एक आणि पाठवायची दुसरी, ही सरळ चोरी आहे.

म्हणून प्रत सुटीच घ्या, फ्रेम घरी करा. कागद उजेडासमोर धरून जलचिन्हाचा फोटो काढा. पावतीवर छपाईचा काळ आणि जलचिन्ह लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रमाणपत्रावर विसंबू नका. आमच्या प्रमाणपत्रात "पिरानेसीच्या मूळ पत्र्यावरून छापलेलं" एवढंच आहे, आणि ते खरंच आहे! दुकानदार आता त्याच वाक्यावर बोट ठेवतो. आम्ही कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार केली आहे, पण दाखवलेली प्रत वेगळी होती याचा पुरावा ती मागते आहे आणि तो आमच्याकडे नाही.